अप्पांचं इंजिन आणि सुनंदा

कलबुर्गीहून सुनंदाच्या नवऱ्याचा फोन आला, हृदयविकारानं ती गेली म्हणून, तेव्हा माझे वडील, अप्पा, दुबलगुंडीतल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये होते. आता हे त्यांना मलाच सांगावं लागणार, आणि ते माझ्यासाठी रडले नसते इतके तिच्यासाठी रडणार, हेच आधी मनात आलं. रडू नंतर आलं...

अप्पा हवाई दलात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर हैदराबादच्या भंगारवाल्याकडून त्यांनी जुन्या विमानाचं बंद इंजिन आणलं. मधल्या गोल पेटीभोवती सात सिलिंडर, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे. याला पाणी लागत नाही, पुढं बसवलेल्या मोठ्या पंख्याच्या वाऱ्यानंच ते थंड होतं, हे ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. सुनंदा बुद्धविहारामागच्या गल्लीतली, माझी वर्गमैत्रीण. दहावीच्या सुट्टीत ती माझ्याकडे म्हणून यायची. पुढे पुढे थेट शेडमध्येच जायला लागली. मीही एकदा म्हटलं, "अप्पा, मला बी शिकवा की." ते म्हणाले, "तू कामून हात काळं करायलीस, माय?" सुनंदाचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि ती हसत होती. पुढे डिप्लोमा करून ती कलबुर्गीत इंजिनं शिकवू लागली. मी गावातच शिक्षिका झाले, अप्पांचं जेवणखाण, औषधपाणी बघत राहिले. तरी रविवारी ती यायची म्हणून ते सकाळीच दाढी करून बसत. माझ्यासाठी कधी बसले?

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी पांढरा धूर आला, पत्रे थरथरले, आणि अप्पांनी सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवला. चहाच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. ती मागोमाग आली.

"रेखा, तुझा लई हेवा वाटतो बघ मला."

"माझा? कशाचा?"

"अप्पा मला सारखं सांगायलेत, रेखाला लांब उभी कर, तिला लागंल. मला न्हाई कुणी कधी लांब थांब म्हणालं."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, निदान हेवा तरी माझा एकटीचा होता, तोही हिनं घेतला.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते रडले नाहीत. शेडला कुलूप लावून आले. दीड महिन्यानं, गेल्या रविवारी, त्यांनी मला हाक मारली. इंजिन नुसतं उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल साचतं, म्हणून पंखा अधूनमधून हातानं फिरवावा लागतो. त्यांचा खांदा आता साथ देत नाही. मी पातं धरलं.

"तसं नव्हं," अप्पा म्हणाले. "सुनंदा डावा हात म्होरं ठेवायची."

"मी उजवाच ठेवीन, अप्पा."

ते बाजूला सरले. म्हणाले, "व्हय. फिरव."

उजवा हात पुढे ठेवून मी पंखा फिरवला. जड जातो.