पडिताची पऱ्हाटी

कापसाच्या भावानं त्या वर्षी माणसं येडी केली. दूर कुठल्या मुलखात लढाई पेटली म्हणे, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, अन् इकडे भातकुलीजवळच्या आमच्या गावात गुरं चरायची रानंसुद्धा नांगराखाली आली. आमच्या ह्यांनी तर कहरच केला. रोगानं मेलेली ढोरं पुरायला गावानं सोडलेलं पडीत होतं, तेच फोडायला काढलं. नांगराला हाडं लागत होती. मी म्हटलं, "अवो, थे जागा सोडा. मले भेव लागते."

"मेलेलं ढोर का उठून मारते तुले?" हे हसले.

पाऊस चांगला झाला, कापसाची पऱ्हाटी कमरेला लागली. तिथलं निंदलेलं गवत हे मुळ्या-मातीसकट भारे बांधून आणत अन् बैलांपुढे टाकत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचा ढवळा बैल चारा सोडून थरथरत उभा राहिला. संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला धन्यानं आपल्या हातानं हळद-लोणी चोळायचं, ही आमच्याकडची रीत. आजारी म्हणून बैलाला वगळणं ह्यांच्या जिवाला पटेना. ह्यांचं मनगट कुंपणाच्या बाभळीनं ओरबाडलेलं होतं. त्याच हातानं खांदा चोळला, त्याच हातानं बैलाच्या नाकातलं रक्त पुसलं. गाडीच्या वंगणासारखं काळं रक्त, अन् गोठेचना! दिवस मावळायच्या आत बैल गेला. हे त्याच्या मानेला मिठी मारून लेकरासारखे रडले.

पोळा झाला अन् ह्यांच्या मनगटावर फोड आला. मधोमध काळाठिक्कर.

"दुखते का?"

"नाई वो, काईच नाई."

दुखत नव्हतं, त्याचंच मला जास्त भेव. मग कोपरापर्यंत हात सुजला, अंग तापानं फणफणलं. शेजारणी दारातूनच परत फिरू लागल्या. गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं हात पाहिला अन् मागे सरकला. "ढोराचा रोग माणसात आला. डाग द्या, नाईतर आटोपलं."

विळा लालभडक केला. मी ह्यांचे पाय दाबून बसले होते. मांस जळल्याचा वास घरभर झाला. देवा, हे गेले तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? दुसरं काही सुचतच नव्हतं.

वाचले बाई! दोन बोटं कायमची आखडली, पण माणूस वाचला. मी देवीची खणानारळानं ओटी भरली.

उन्हाळा सरत आला तशी ह्यांनी नवी जोडी जुंपली अन् पडिताची वाट धरली. मी धावत गेले अन् बैलांपुढे आडवी पडले.

"उठ. लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या! पहिले मले रांडव करा, मंग वाहा हे वावर!"

ह्यांनी कासरा ढिला केला. मला वाटलं, आता जू सोडतील.

"औंदा भाव अजून चढला हाय," ते हळूच म्हणाले, अन् कासरा ओढला. बैल मला वळसा घालून गेले.