भज्यांच्या तेलावरचं इंजिन

वापरलेलं तेल गाळताना तळाशी भज्यांचा चुरा साचतो ना, तसे आमच्या बचत गटात किस्से साचलेत. थोडे वाटून टाकते; सगळे देवीच्या कृपेचेच आहेत!

शोभाक्का गटाच्या अध्यक्ष. तळून उरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायला त्याच शिकून आल्या. मी लगेच देवीपुढे हात जोडले, "आमच्या तेलावर इंजिन चालेपर्यंत तळलेलं खाणार नाही!"

शोभाक्का म्हणाल्या, "बाई वं, गोड सोडाचं होतं! तेल तं तुलेच गोळा करा लागते!"

*

मेडशीच्या स्टँडवर बबनभाऊंची भज्यांची गाडी. मी कॅन घेऊन गेले की आधी गरम प्लेट पुढे.

"घ्या ना वहिनी!"

"तळलेलं सोडलं भाऊ. नवस हाय."

"मंग तेल कायले नेता?"

"नवसासाठीच!"

बिचारे गोंधळले. पण तेव्हापासून तेल माझ्यासाठी राखून ठेवतात, आणि मी दिसले की भज्यांवर कागद झाकतात. देव त्यांचं भलं करो!

*

पहिली बॅच. तेल गाळलं, तापवून त्यातलं पाणी उडवलं. शोभाक्का बजावत होत्या, "पाण्याचा थेंब नाई पायजे, नाईतं साबण होते!" तेल जरा निवल्यावर त्या त्यात मिसळायचं कॉस्टिक आणि मिथेनॉल आणायला वळल्या, आणि आम्ही बायकांनी शुभकार्य म्हणून ड्रममध्ये देवीचं तांब्याभर तीर्थ ओतलं!

दुसऱ्या दिवशी ड्रमभर साबण.

"पाणी कोनं टाकलं?"

"पाणी नाई अक्का, तीर्थ हाय!"

त्या साबणाने देवळाची फरशी अशी लख्ख निघाली, की पुजारीबुवा अजून विचारतात, "पुन्हा कधी चुकता?"

*

दुसरी बॅच साधली. खाली काळं ग्लिसरीन, वर मधासारखं बायोडिझेल. "आता उरलेलं कॉस्टिक काढाले हे पाण्यानं धुवा लागते," शोभाक्का म्हणाल्या, तर एकही बाई तांब्याला हात लावेना!

*

पण घालायचं कुठल्या इंजिनात? आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन मामंजींनी घेतलेलं. ते गेल्यापासून सासूबाई ते रोज पुसतात. त्या कडाडल्या, "त्याईच्या इंजिनात भज्याचं तेल? बिघडलं तं तुह्याशी बोलणार नाई!"

"एकडाव पाहू दे, माय," हे म्हणाले. सासूबाई फडकं घेऊन बांधावर जाऊन बसल्या. तोच होकार, असं ह्यांनी ठरवलं.

ह्यांनी हँडल मारलं. इंजिन खोकलं, थांबलं. मी डोळे मिटून देवीला हाक घातली. पुन्हा हँडल... धडधडधड! हरभऱ्याला पाणी सुटलं, आणि धुराला चक्क भज्यांचा वास!

बांधावरून सासूबाई आल्या. "कोन भजे तळून राह्यलं वं?"

"तुमचं इंजिन, काकू!" शोभाक्का म्हणाल्या.

नवस फिटला! शोभाक्कांनी बबनभाऊंनी दिलेला भज्यांचा पुडा सोडला. मी हात मागे घेतला.

"आज एकादशी हाय, अक्का!"

"तू आन् तुही देवी, दोघी सारख्याच!"

सासूबाई तरातरा घरी गेल्या. आम्ही पोचलो तर गॅसवर कढई, ताटात साबुदाणावडे.

"खाय," म्हणाल्या.

मी खाल्ले. मिरची जरा जास्त असावी. डोळ्यांत पाणी आलं.

कढई निवल्यावर त्यांनी उरलेलं तेल बाटलीत गाळलं, बूच घट्ट लावलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"घे. त्याईच्या इंजिनाले."