अर्धी-अर्धी लस

कुणी जास्त घेतलेलं हिलेके वीन्स्त्राला खपत नसे आणि कुणाला कमी मिळालेलंही. तिच्याकडे कॉफीबरोबर माणशी एकच बिस्कीट. जावई असो नाहीतर पाद्री, दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे होण्याआधी डब्याचं झाकण लागलेलं. आमच्या या डच गावात, बार्नेवेल्डमध्ये, याला कुणी चिक्कूपणा म्हणत नाही, संस्कार म्हणतात.

अशी बाई कोंबड्यांच्या संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं टिकली, हेच नवल. त्या वसंतात तिथं बर्ड फ्लूची नवी लस आली. लस म्हणजे विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन, तेवढंच वेगळं काढलेलं. ते टोचलं की कोंबडीचं रक्त त्याला ओळखून प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढे खरा विषाणू आला तर त्याला अडवतं. चाळीस कोंबड्यांपैकी वीस जणींना लस, वीस जणींना नुसतं मिठाचं पाणी. महिन्याभरानं सगळ्यांना विषाणू.

"म्हणजे पाणीवाल्या मरणार?" हिलेकेनं विचारलं.

"त्यासाठीच आहेत त्या," रुलॉफ म्हणाला. तो तिचा साहेब, वयानं तिच्या मुलासारखा. "लसवाल्या वर्षभर ठेवायच्यात."

"आणि हे ठरवलं कुणी, पाणी कुणाला ते?"

"कॉम्प्युटरनं."

"त्या मेल्याला काय कळतंय!"

टोचायच्या दिवशी शेडमध्ये ती एकटीच होती. एकीला पूर्ण आणि शेजारणीला काहीच नाही, हे तिच्या हातून होईना. वीस जणींची लस तिनं चाळीस जणींत अर्धी-अर्धी वाटली आणि समाधानानं घरी गेली. तीन आठवड्यांनी पंखाखालच्या शिरेतून रक्तही तिनंच काढलं. त्या रक्ताचं पुढे काय होतं, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. तिचं काम सुईपाशी संपत असे.

चाळीसही नमुन्यांत प्रतिपिंडं निघाली, पाणीवाल्यांच्याही; तुलनेला बिनलशीची एकही उरली नाही. आमच्याकडे अशा वेळी कुणी ओरडत नाही, बैठक घेतात. तीन तास सगळ्यांची मतं विचारून झाली, फरशी पुसणाऱ्याचंही. मग हिलेकेनं सांगून टाकलं.

"मीच वाटली, रुलॉफ. अर्धी-अर्धी."

"अगं, पण का?"

"दोन पोरी जेवायला बसवून एकीलाच वाढून बघ, मग विचार."

रुलॉफनं कपाळाला हात लावला. तिला कामावरून मात्र कुणी काढलं नाही. त्यासाठी आणखी चार बैठका लागल्या असत्या.

नियम असा की बिघडलेल्या प्रयोगातल्या कोंबड्या ठेवायच्या नाहीत. शुक्रवारी सगळ्या चाळीस जणींना एकाच वेळी गॅस दिला. मूळ बेतात वीस तरी वाचल्या असत्या. हिलेके काचेबाहेर उभी राहून रडली.

या खेपेला आकडे पक्के हवेत म्हणून ऐंशी कोंबड्या मागवल्या. "टोचणार तूच," रुलॉफ म्हणाला, "पण मी शेजारी उभा असेन."

सोमवारी तिनं पहिली कोंबडी उचलली. कागदावर 'पाणी' लिहिलं होतं. तिनं पाणी टोचलं.

"माफ कर गं बाई," ती म्हणाली.

पाणीवाल्या चाळीस होत्या. ती चाळीस वेळा म्हणाली.