शनीच्या पाळण्यात कोण बसणार?

पिंपरीला आमच्या कंपनीच्या कॉलनीतल्या बागेत ग्रहांचा पाळणा होता. मधे खांबावर पिवळाधमक सूर्य, भोवती लोखंडी हातांना टांगलेले नऊ ग्रह, आणि एकेका ग्रहात दोन-तीन पोरं. पाळणा फिरू लागला की शाळेच्या बाई माईकवरून ग्रहांची माहिती सांगायच्या. पण सत्तर सालानंतर कधीतरी तो असा गंजला, की सूर्यासकट सगळं ब्रह्मांड ठप्प!

वेल्फेअरच्या साहेबांनी सांगून टाकलं, "सव्वीस जानेवारीला फिरला तर ठीक, नाहीतर भंगारात." माझं डोकंच तापलं. माझी पोरगी त्यात एकदाही बसली नव्हती. ती चालायला लागली आणि पाळणा बंद पडला. मी फिटर माणूस. दिवसभर कंपनीची मशिनं फिरवतो आणि पोरीचा पाळणा फिरवता येत नाही म्हणजे काय? फोरमनना गाठलं. ते पिंपळे गुरवचे, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. "करू की राव, त्यात काय हाय!" म्हणाले.

शिफ्ट सुटली की आम्ही दोघं बागेत. बेअरिंग बदलली, गंज खरवडला, रंग दिला. शनीचं कडं पार सडलं होतं. ते मी नवं पत्र्याचं वाकवलं, चंदेरी रंगवलं. असं झकास जमलं, की लांब जाऊन जाऊन मीच बघत बसायचो.

सव्वीस जानेवारी नेमकी शनिवारी आली. झेंडावंदन होईपर्यंत फोरमननी नारळ फोडून पाळण्याची पूजा उरकली. आणि पूजा करायची तर पुरती, म्हणून शनीला रुईच्या पानांची माळ घालून वर तेलाची धार सोडली. माझ्या चंदेरी कड्यावर तेल!

"अहो, हा देवळातला शनी नाही!" मी ओरडलो.

"असू द्या राव. शनिवार हाय, उगं इषाची परीक्षा कशाला?"

झालं! ती माळ बघून बायांनी आपापली पोरं मागे ओढली. गुरूत मात्र ही झुंबड. गुरुबळ कुणाला नको? त्यात पाच पोरं कोंबली, फोरमनची दोन्ही त्यातच. समोरचा शनी रिकामा. मी बटण दाबलं. पाळणा गुरूच्या बाजूला कलला, खांबाला कर्रकन घासला आणि थांबला.

"शनीत वाळूचं पोतं टाका," कुणीतरी म्हणालं.

साहेब भडकले. "पोत्याला खगोल शिकवायचंय का? सोमवारी भंगारवाला बोलवा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी माझ्या शर्टाला धरून उभी होती.

तेवढ्यात माझी बायको पुढे झाली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या आईने घरातले देव स्वतःच्या हाताने इंद्रायणीत सोडले होते. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. बायकोने पदर खोचला, माळ काढून बाजूला ठेवली, कडं पुसलं आणि पोरीला शनीत बसवलं.

"आमचं शनीशी काय बी वाकडं न्हाई," ती म्हणाली. "आन् ह्ये तर तिच्या बापानं केलंय."

ऊर भरून आला माझा. पण एकटी पोरगी पाचांना कशी पुरणार? पाळणा तसाच कललेला.

मग बायांच्या घोळक्यातून फोरमनची बायको निघाली. शनिवारचा उपास कधी न चुकवणारी बाई. दिवाळीला फराळाचं ताट न चुकता धाडायची, पण आमच्या घरचा चहा तिने कधी घेतला नव्हता. तिने गुरूतून आपली दोन्ही पोरं उचलली आणि शनीपाशी आली.

"वैनी, पोरीला जरा सरकवा. आमच्या दोघांना बी बसू द्या तिच्याजवळ."

इकडे तीन, तिकडे तीन. मी बटण दाबलं आणि पाळणा लोण्यासारखा फिरला! पोरगी किंचाळत होती, शाळेच्या बाई माईकवरून शनीची माहिती सांगत होत्या आणि मी सगळ्यांदेखत डोळे पुसत होतो.

पोरं उतरल्यावर फोरमनची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "चला, तुमच्याकडं च्या घेऊ."

घरात नेमकी साखर संपलेली. बायकोने गुळाचा केला. फोरमनच्या बायकोने दोन कप घेतले.