सतरा नंबरचा शिक्का

आमच्या ओल्शीनात लुडविकाच्या कानाबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही. गावात लाउडस्पीकरचा कारखाना चालू होता तोवर शेवटच्या तपासणीच्या खोलीत ती सव्वीस वर्षं बसली. खोली कसली, आतून कापूस ठासलेलं कपाटच ते. पट्ट्यावरनं एकेक स्पीकर यायचा. ती चकती फिरवून सूर पार तळापासून वर चढवत न्यायची, आणि कुठं खर्र झालं, कुठं फुस्स झालं की पाठीवर खडूची फुली. फुलीवाला भंगारात. पास झाला त्याच्या कार्डावर तिचा शिक्का पडायचा. सतरा नंबर.

सतरा नंबर दिसला की आमचा माणूस स्पीकर न ऐकताच काखोटीला मारून घरी न्यायचा. एकदा तर डायरेक्टरच्या जावयासाठी मुद्दाम केलेल्या जोडीवर तिनं फुली ओढली. वरच्या लोकांचं तोंड आंबलं, पण जोडी उघडली तेव्हा तारेच्या गुंडाळीत एक पांढरा केस निघाला. गुंडाळणारी म्हातारी पुढं महिनाभर डोक्याला फडकं आवळून हिंडत होती.

बोलायला ही बाई फटकळ. नवरा लिओन पोरगी चार वर्षांची असताना जर्मनीला कामाला म्हणून गेला आणि तिकडंच मुरला. त्याच्या नावानं तिनं ना कधी डोळ्याला पदर लावला ना शिव्या घातल्या. "सुरात नव्हताच," एवढंच म्हणायची. पोरीचा, कलिनाचा, धर्मबाप होणं पत्करलं होतं गेरार्डनं. तो मापखात्याचा मुकादम. बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये पोरीला हातावर धरून उभा राहिलेला माणूस. आमच्यात ही सोयरीक रक्ताच्या भावापेक्षा घट्ट धरतात. भावाशी भांडता येतं, धर्मबापाशी येत नाही.

कारखाना बसला. यंत्रं भंगारवाल्यानं नेली, माणसं घरी गेली. पण सवय कुठं जाते? ज्याच्या त्याच्या तळघरात डाग द्यायची सळई, तारेची भेंडोळी, जुने स्पीकर. रविवारी मिसा झाली की बापे चर्चच्या भिंतीला टेकून पोरीबाळींच्या लग्नाचं सोडून खोक्याच्या मापांवर हुज्जत घालायचे. हे बघून गेरार्डच्या डोक्यात आलं, की घरी बांधायचा संच विकावा. पुठ्ठ्याच्या पेटीत सहा फळ्या, दोन स्पीकर, तारा, खिळे, डिंक आणि एक कागद. त्याच्या पत्रकावर ठळक छापलं होतं : 'पावाएवढं खोकं, चर्चएवढा आवाज. अडतीस हर्ट्झपर्यंत खोल. एका शनिवारात बांधा.'

हर्ट्झ म्हणजे सुराचं माप. आकडा जितका लहान तितका सूर खोल. माणूस गुणगुणतो ते शंभराच्या वर. अडतीस म्हणजे छातीच्या फासळ्यांना कळतं, कानाला नंतर.

त्या फळ्या मीच कापल्या. मी लाकूडखात्यातला सुतार, मला काम हवंच होतं. खोकं लहान आहे हे मला दिसत होतं. पण आत कोणता स्पीकर जायचा ते बघणं माझं काम नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही तेच सांगतो, फक्त आता ते घशाखाली उतरत नाही.

गेरार्ड नमुन्याची जोडी घेऊन लुडविकाकडं आला. तिनं तीन दिवस ती ऐकली. खिडकीत ठेवून ऐकली, कोपऱ्यात ठेवून ऐकली, आवाज बारीक करून ऐकली. शेवटी म्हणाली, की मोठ्या आवाजात धापा टाकतो, पण हळू वाजवला तर चाळिशीपर्यंत इमानानं जातो. एवढ्याशा खोक्यात हे कुणी केलं असेल तर शाबास.

मग गेरार्डनं पिशवीतनं दोनशे कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला.

इथं कारखान्याची एक रीत सांगायला हवी. महिनाअखेर आली की वरून ठरलेला आकडा भरायचा असायचा. माल पट्ट्यावर यायच्या आधीच कार्डांवर शिक्के पडायचे आणि माल मागनं यायचा. त्यात कुणाला पाप वाटत नसे, कारण मागनं येणारा माल आपलीच माणसं करायची. लुडविका तो नंतर ऐकायची आणि फुली पडली की कार्ड फाडायची. तसंच हे, असं गेरार्ड म्हणाला. पेट्या घाईनं निघायच्यात, तू आधी शिक्के मार, माल मागनं तुझ्याकडं आणतोच. तिनं जेवणाच्या टेबलावर बसून दोनशे शिक्के मारले. गेरार्डनं तिला खसखशीचा केक आणला होता, तो खाल्ला. माल मागनं काही आला नाही. तिनं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा "आणतो की" म्हटलं, आणि धर्मबापाला तिसऱ्यांदा विचारायचं बरं दिसत नाही.

मार्चमध्ये, तिच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, आठवडा असताना, म्हातारा ओनुफ्री तिच्या दारात उभा राहिला. चाळीस वर्षं तो आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवायचा. गुडघे गेले म्हणून वर्षापूर्वी ती जागा दुसऱ्याला दिली. बटाट्याच्या पोत्यात काहीतरी घालून आणलं होतं. मी तेव्हा तिच्याकडं खिडकीचं तावदान बसवत होतो. म्हाताऱ्यानं टोपी काढली, आधी संचासोबतचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि मग पोतं.

"लुडविकाबाई, ह्यो शिक्का तुमचाच न्हवं?"

"माजाच."

"मग माजंच कायतरी चुकलं आसंल. माज्या वाजवण्याच्या जुन्या टेपा हायत. ह्या खोक्यात माजे हात ऐकू येत्यात. पाय न्हाईत ऐकू येत."

ऑर्गनचे खोल सूर पायांनी वाजवतात. म्हातारा ते तक्रारीसारखं बोललाच नाही. आपण डाग नीट दिला नसंल, तार उलटी जोडली असंल, असं म्हणत राहिला. तिचा शिक्का होता ना. तो चुकेल हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

लुडविकालाही तेच वाटलं. तिनं म्हाताऱ्याला चांगलं झापलं, की गुडघे गेले तसे डोळे पण गेले का, तारा बघितल्या का नीट. खोकं उघडून एकेक जोड तपासला. जोड चोख होते. तारा बरोबर होत्या. मग तिनं फडताळातनं आपलं जुनं सुराचं यंत्र काढलं आणि चकती फिरवत सूर खाली उतरवत नेला. दीडशे, शंभर. नव्वदीला स्पीकर पातळ झाला. ऐंशीच्या खाली तो गायचा थांबला आणि राजमा खाल्लेल्या म्हाताऱ्यासारखा नुसता फुसफुसायला लागला. स्पीकरचा कागद हलत होता, सूर नव्हता.

तिनं चार स्क्रू काढले, स्पीकर बाहेर घेतला आणि तळहातावर तोलला. मग पाठीमागच्या जाड काळ्या चुंबकावर नखानं टिचकी मारली. चुंबक ठस्स वाजायला हवं. हे डबड्यासारखं वाजलं. तिनं सुरी घालून ते उचकटलं. वर पत्र्याची वाटी, आणि आत बिस्किटाएवढी चकती. बाकी पोकळी.

"टोपी घातलीय," ती म्हणाली.

ओनुफ्रीनं विचारलं, नीट होईल का. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. कार्डावरचा आपला नंबर मात्र ती अंगठ्यानं चोळत राहिली, जसा काही तो ओला होता.

मी म्हटलं, जाऊन गेरार्डची मानगूट धर. ती म्हणाली, "माज्या घरी यील की. नामदिनाला येत न्हाई आसं झालंय का कवा?"

आमच्यात नामदिनाला कुणाला बोलवावं लागत नाही आणि कुणाला हाकलता येत नाही. नाव तुमचं, दार गावाचं. त्यात ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, म्हणून नाच नाही, मटण नाही. तेलातली हेरिंग मासळी, बटाटे, चक्क्याचा केक आणि पेल्यात चहा. कारखान्यातली दहाबारा माणसं जमली. बटाट्याच्या पातेल्याच्या झाकणाची मूठ कधीची तुटलेली, तिथं तिनं बाटलीचं बूच खुपसलेलं; ते उचलताना दरवर्षीसारखी सगळ्यांची बोटं भाजली.

गेरार्ड फुलं घेऊन आला. कलिनाच्या गालाचे मुके घेतले, शंभर वर्षं जग म्हणून लुडविकाला आशीर्वाद दिला आणि खुर्चीत ऐसपैस बसला. केकचा पहिला घास त्याच्या तोंडात गेला तेव्हा लुडविकानं ओनुफ्रीचा स्पीकर त्याच्या ताटलीशेजारी ठेवला, आणि बाजूला ती पत्र्याची वाटी.

बायका चहा ढवळायच्या थांबल्या. तिथं बसलेल्या प्रत्येकाला चुंबक कसं असतं ते ठाऊक होतं. समजावून सांगायला कुणी लागत नव्हतं.

"नमुन्यात ह्यो न्हवता," ती म्हणाली.

गेरार्डनं घास गिळला. "नमुन्यात कारखान्याचा जुना माल व्हता. आसल्या दोनच जोड्या उरल्या व्हत्या माज्याकडं."

"आन् मला त्यातली एक ऐकवलीस."

"मग दुसरं काय ऐकवायचं तुला? हे?" त्यानं वाटी बोटानं ढकलली. "अगं, सगळे आसंच छापत्यात. कुणाचंबी पत्रक उचल, समद्यांची खोकी चर्चएवढी वाजत्यात. मान्सं घेत्यात, शनिवारभर ठोकाठोकी करत्यात, आपल्या हातानं बांधलं म्हनून खुशीत बातम्या ऐकत्यात. तुज्यावानी कान कुणाला हाय?"

"मग माजा शिक्का कशापायी लागला तुला?"

यावर तो जे बोलला ते हळू बोलला, पण ऐकलं सगळ्यांनी. "मारला तर तूच न्हवं? न ऐकता. म्या काय हात धरला व्हता तुजा?"

खरंच होतं ते. सव्वीस वर्षं जिनं डायरेक्टरला सोडलं नाही, तिनं घरातल्या माणसाला न ऐकता सोडलं. तिचं तोंड असं झालं, की जणू कुणीतरी तिच्याच पाठीवर टिचकी मारून बघितली आणि ती पोकळ निघाली.

ती उठली. तीन राजांच्या सणाला दारावर अक्षरं लिहायला पाद्री मंत्रून देतो तो खडू तिच्या चौकटीवर ठेवलेला असतो. खुर्चीवर चढून तिनं तो काढला. सगळ्यांसमोर स्पीकरच्या पाठीवर फुली ओढली, आणि फुलीखाली लिहिलं : सतरा.

गेरार्ड उठून जाईल असं मला वाटलं. गेला नाही. नामदिनाला चहा संपायच्या आत उठायची रीत नाही. त्यानं केक संपवला, चहा संपवला, आणि तेवढा वेळ त्या खोलीत फक्त त्याचा चमचा वाजत होता.

पुढच्या पंधरवड्यात लुडविका खडू आणि पेचकस घेऊन गावभर हिंडली. एकोणीस घरांत ते संच होते. दार वाजवायची, म्हणायची, की शिक्का मी न ऐकता मारलाय, खोकं आणा. उघडून टोपी दाखवायची आणि फुली मारायची. कुणी तिला चहा दिला, कुणी गेरार्डला शिव्या दिल्या. पण पाववाल्या बाईनं खोकं पोटाशी धरलं आणि देईचना.

"बरा वाजतोय की गं मला. भट्टीपाशी गानी ऐकते. माज्या पोरानं बांधलाय. त्याच्यावर फुली कशाला मारतीस?"

लुडविकानं फक्त कार्ड मागून घेतलं, नंबर खोडला आणि मागं पेन्सिलीनं लिहिलं : 'नव्वदच्या खाली मुका. गाण्याला बरा.' ते परत दिलं. नंतरच्या घरांतही तिनं तेवढंच केलं. उरलेली कार्डं गावाबाहेर कुठं कुठं गेली, तिथं तिचे पाय पोचत नव्हते. पत्रक मात्र गेरार्डनं नवं छापलं. त्यात सतरा नंबर नाही, पण 'जुन्या कारखान्याच्या पारखी कानांनी तपासलेलं' असं आहे, आणि अडतीसही तसंच आहे. फळ्या आता दुसराच कुणी कापतो.

ईस्टरच्या आधी ती माझ्याकडं आली आणि शिक्का माझ्या बाकावर ठेवला. बीच झाडाच्या लाकडाचा, सव्वीस वर्षं हातात राहून काळा गुळगुळीत झालेला.

"सुतारा, ह्येचा रबर काप. मूठ तेवढी ठिव."

मी कापला. मूठ तिनं घरी नेऊन पातेल्याच्या झाकणाला स्क्रूनं बसवली. ईस्टरला गेरार्ड आला, कारण कलिनाचा धर्मबाप तोच आहे आणि दुसरा करता येत नाही. बटाटे घ्यायला त्यानं झाकण उचललं, मूठ ओळखली, आणि झाकण हातात धरून तसाच राहिला.

"वाफ जातीया," लुडविका म्हणाली. "ठिव खाली."