पापणीताईंच्या पापण्या

बाहुल्यांच्या त्या कारखान्यात माणसांना नावे होती, पण ती हजेरीपुरती. एरवी ज्याच्या हातून जो अवयव घडे, त्या अवयवानेच त्याला हाक मारली जाई. डोक्यात केस ओवणारी ती केसवाली, ओठ रंगवणारा तो ओठवाला, आणि मिटत्या-उघडत्या डोळ्यांना पापण्या लावणाऱ्या त्या पापणीताई. लेक शाळेत जायला लागली तेव्हा त्या या कामावर आल्या, आणि आता त्याच लेकीचे लग्न ठरले होते.

त्यांचे टेबल खिडकीजवळ होते. टेबलावर दांडीला लावलेले भिंग, दोन चिमटे, एक बोथट सुई आणि गोंदाची चिमुकली बाटली. पापण्यांची बारीक पट्टी चिमट्यात धरायची, सुईच्या टोकावर गोंद घेऊन तिच्या कडेवरून फिरवायचा, क्षणभर थांबायचे, आणि मग ती बाहुलीच्या डोळ्याच्या काठावर अशी ठेवायची की पुन्हा हलवावी लागू नये. त्यानंतर परीक्षा. बाहुलीला आडवे केले की आतल्या वजनाने तिचे डोळे मिटत. मग पाठीखाली तळवा घालून तिला हळूच उभे करायचे. दोन्ही डोळे एकदम उघडले तर ती पुढच्या टेबलाकडे जाई. एक डोळा मागे रेंगाळला तर परत आडवी. हा पाठीखाली हात घालण्याचा भाग इतर कामगार उरकून टाकत. पापणीताई मात्र झोपलेले मूल उठवावे तशा त्या बाहुलीला उठवत.

पापणीच्या केसाला संस्कृतात पक्ष्म म्हणतात, आणि पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याला निमिष. ज्यांची पापणी आपण होऊन लवत नाही त्या देवांना आपल्या पूर्वसूरींनी अनिमिष म्हटले. त्या न्यायाने पापणीताईंची सारी उमेद अनिमिषांच्या सेवेत गेली. त्यांच्या स्वतःच्या पापण्या मात्र विरळ आणि आखूड होत्या, आणि त्याचे त्यांना कधी सुखदुःख वाटले नव्हते. ते वाटायला लागले एका सकाळी, लेक घाईघाईने चप्पल घालत असताना.

"आई, लग्नाच्या आदल्या दिवशी पापण्या लावायच्या आहेत. तुझीही वेळ घेतली आहे. पण आधी एकदा चाचणी करून घ्यावी लागते, या आठवड्यात जाऊन ये," असे म्हणून लेक जिना उतरली. पापणीताईंच्या हातात चहाचा कप तसाच राहिला.

स्वतःसाठी पापण्या लावणे ही गोष्ट त्यांच्या मनात कधी आलीच नव्हती. वधूने नटावे हे ठीक. पण वधूच्या आईच्या पापण्यांचा विचार कोणी का करावा? या प्रश्नाशी त्या घुटमळल्या आणि अकस्मात त्यांना विहीणबाईंचे डोळे आठवले. लेकीने फोनवर एक फोटो दाखवला होता. विहीणबाईंच्या पापण्या दाट, काळ्याभोर, वर वळलेल्या. तो फोटो दाखवताना लेक म्हणाली होती, "किती छान दिसतात ना?" त्या वेळी पापणीताईंनी सहज मान डोलावली होती. आता तेच वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखे टोचू लागले. लग्नानंतर सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार. त्यात त्या दोघी शेजारी उभ्या राहणार. लेकीला आपल्या चेहऱ्याची लाज वाटते की काय?

हे लेकीलाच विचारले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण काही प्रश्न असे असतात की उत्तर ऐकण्यापेक्षा गोंधळलेले राहणे बरे वाटते. पापणीताईंनी लेक सोडून सगळ्यांना विचारले.

नवरा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाला, "अगं, शिंक आली म्हणजे काय करायचं त्याचं?"

"शिंकेचा काय संबंध?"

"डोळे मिटतात ना शिंकताना. वरची पापणी खालच्या पापणीला चिकटली तर उघडायची कशी? मी तर बुवा अशी जोखीम घेणार नाही."

"अहो, तुम्हाला कोण लावतंय?"

कारखान्यात केसवालीने तर टोकाचेच सांगितले. "आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईने लावल्या होत्या. काढल्या तेव्हा तिच्या स्वतःच्याही गेल्या. आता भुवया तेवढ्या उरल्यात." तिच्या शेजारच्या ओठवाल्याचे म्हणणे अगदी उलट: त्याची बहीण वर्षानुवर्षे लावते आहे, तिला काही झालेले नाही, फक्त ती पालथी झोपत नाही. कोणी म्हणाले, तोंड धुवायचे नाही. कोणी म्हणाले, उलट पापण्या रोज धुवायच्याच. एकाच वस्तूविषयी इतके ठाम आणि इतके परस्परविरोधी ज्ञान पापणीताईंनी याआधी फक्त गुडघेदुखीच्या बाबतीत ऐकले होते.

शेवटी त्या चाचणीला गेल्या. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लहानशी खोली, दोन अरुंद पलंग शेजारी शेजारी, मध्ये चाकाचे स्टूल, आणि भिंग बसवलेला गोल प्रकाशाचा दिवा. पापण्या लावणारी मुलगी लेकीपेक्षाही लहान दिसत होती आणि तिचे तोंड तिच्या हातांइतकेच अथक चालत होते.

"बसा काकू. लेन्स लावता का डोळ्यात? नाही ना. डोळ्यांचं काही दुखणं, ऑपरेशन? बरं. आता ऐका, लोकांना वाटतं आम्ही कातडीला चिकटवतो. तसं नाही. तुमच्या एकेका केसावर एकेक केस. कातडीला गोंद लागता कामा नये. तुमचा केस त्याच्या वेळेला गळणार, तेव्हा आमचाही त्याच्याबरोबर जाणार. म्हणून दोनतीन आठवड्यांनी पुन्हा भरायला यावं लागतं. ओढायच्या नाहीत, चोळायच्या नाहीत, तेलकट काही लावायचं नाही. पहिला दिवस पाणी नाही. नंतर मात्र रोज अगदी हलक्या हाताने स्वच्छ करायच्या."

पाणी नाही आणि रोज धुवायच्या, हे दोन्ही खरे निघाले म्हणून पापणीताईंचा गोंधळ कमी व्हायला हवा होता. तो वाढला. आपल्या टेबलावर पट्टी कातडीलाच चिकटवतात, आणि बाहुलीची पापणी कधी गळत नाही. आपले इतक्या वर्षांचे कसब इथे एका वाक्यातही उपयोगी पडत नाही, हे त्यांना चमत्कारिक वाटले.

"तुमचे केस जरा नाजूक आहेत, तर हलक्याच लावू," मुलगी म्हणाली. "आणि गोंदाची ॲलर्जी वगैरे? कधी गोंद लागून खाज, सूज?"

पापणीताई पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. "मला? अगं, माझं आयुष्य गोंदात गेलं. गोंद कोणाला सोसत असेल तर तो मलाच."

हे त्या मनापासून बोलल्या, आणि त्यांच्या कारखान्यात कोणालाही विचारले असते तरी हेच उत्तर मिळाले असते. तिथे सगळ्यांची समजूत अशी की जो जितका जुना, तितका गोंद त्याच्या अंगवळणी पडलेला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे कित्येक महिने सोलवटलेली होती, कधी कधी रात्रभर खाजत. पण ते साबणाने होते, असे त्यांनी आणि केसवालीने मिळून ठरवले होते.

"तरी चाचणी करूच," मुलगी म्हणाली. तिने डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात मोजके केस लावले. "दोन दिवस पाहू. खाज सुटली, लाल झालं, तर हात न लावता मला फोन. आणि हो, तुमच्या मुलीने शेजारशेजारचे पलंग सांगितलेत बरं का, एकाच वेळेला. मुद्दाम सांगून गेली."

म्हणजे नजर ठेवायला, पापणीताईंच्या मनात आले. आई ऐन वेळी पळून जाईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात त्यांचा डावा डोळा त्यांच्याकडे अर्ध्यातूनच बघत होता. पापणी सुजली होती, कड लाल झाली होती आणि खाज अशी की सगळे लक्ष त्या एका कोपऱ्यात जाऊन बसावे. पण त्यांच्या मनात आले ते डोळ्याविषयी नव्हे. हेही आपल्याला जमले नाही, एवढेच आले. विहीणबाईंनी लावल्या असतील तर त्यांना कशा सोसल्या?

फोन करायचा होता. त्याऐवजी त्यांनी पिशवीतून कारखान्यातली छोटी बाटली काढली. चुकीच्या बसलेल्या पापण्या बाहुलीवरून उतरवायचे ते द्रावण. कापसाच्या बोळ्यावर घेऊन कडेवरून एकदा फिरवले की पट्टी अलगद सुटते. हे काम त्यांनी असंख्य वेळा केले होते. लेक उठायच्या आत केस काढून टाकायचे, आणि चाचणी चांगली झाली नाही असे काहीतरी सांगायचे. त्यांनी बोळा भिजवला, हाताचा कोपर आरशाखालच्या फळीवर टेकवला, आणि बोळा डोळ्याजवळ नेला.

डोळा मिटला.

त्यांनी हात मागे घेतला. डोळा उघडला, पाणी वाहू लागले. पुन्हा बोळा जवळ नेला, पुन्हा डोळा मिटला. त्या वासानेच दुसऱ्या डोळ्यालाही पाणी आले. एवढ्या वर्षांत कोणत्याही डोळ्याने त्यांना असा नकार दिला नव्हता. बाहुलीचा डोळा कसाही फिरवा, तो सारे सोसत राहतो. हा मात्र त्यांच्याच चेहऱ्यावर असून त्यांच्याच हाताला भ्याला होता. त्या बोळ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग तो त्यांनी खाली ठेवला, बाटलीचे झाकण घट्ट लावले, हात धुतले आणि फोन केला.

"हात लावू नका, चोळू नका, घरचं काहीही लावू नका, अशाच या," पलीकडून आवाज आला. "काही लावलं तर नाही ना?"

"नाही," पापणीताई म्हणाल्या. "डोळ्याने लावू दिलं नाही."

मुलीने तिच्याकडच्या दाट औषधाने ते केस एकेक करून उतरवले, सावकाश, बडबड पूर्ण थांबवून. मग तिचे लक्ष पापणीताईंच्या हाताकडे गेले. "काकू, बोटांना हे कधीपासून?" आणि उत्तर ऐकून ती स्टुलावर मागे सरकली. "गोंद सोसत नाहीये तुम्हाला. रोज लागून लागूनच होतं कधी कधी असं. मी नाही लावणार तुम्हाला, कधीच. आणि आत्ता इथून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे." डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितले, थेंब दिले, आणि कामावर मोजे घालायची तंबी दिली.

घरी लेक दारातच उभी होती. डोळा लपवणे शक्य नव्हते.

"हे काय झालं?"

"चाचणीत नापास झाले," पापणीताई म्हणाल्या, आणि इतके दिवस गिळलेले वाक्य एकदाचे बाहेर पडले. "विहीणबाईंशेजारी उभी राहताना तुला माझी लाज वाटेल का गं?"

लेकीच्या चेहऱ्यावर लाज, राग, कणव यांपैकी काहीच उमटले नाही. उमटला तो निव्वळ गोंधळ, आईच्याच चेहऱ्यावरचा, जसाच्या तसा. "लाज? कसली?"

"मग माझी वेळ का घेतलीस? त्यांचा फोटो दाखवलास. किती छान दिसतात म्हणालीस."

"अगं, त्यांची साडी म्हणत होते मी." लेक मटकन खुर्चीत बसली. "मला भीती वाटते म्हणून घेतली तुझी वेळ. दोन तास डोळे मिटून पडायचं, आणि कोणीतरी चिमटा घेऊन डोळ्यापाशी. माझी चाचणी झाली तेव्हाच घाम फुटला होता मला. म्हटलं आई शेजारच्या पलंगावर असेल तर बरं. तुला सवय आहे पापण्यांची."

"मग मला सांगायचं ना तसं."

"लग्न होतंय माझं. भीती वाटते असं सांगू?"

आतून नवऱ्याचा आवाज आला. "मी पहिल्यापासून म्हणतोय, शिंक आली तर?"

"बाबा, तुम्ही गप्प बसा," लेक म्हणाली, पण हसत.

पापणीताई हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. लेक सांगते आहे ते खरे, की सुजलेला डोळा पाहून तिला आत्ता सुचलेले? शेजारशेजारचे पलंग मुद्दाम सांगितले होते, ते जुळत होते. पण साडी? त्या फोटोत साडीचा फक्त काठ दिसत होता. त्यांनी ते बोलून दाखवले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का, हेही त्यांना नीट ठरवता येईना. पहिला दिवस पाणी नाही आणि नंतर रोज धुवायच्या, तसे काहीसे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दोन पलंगांपैकी एकावर लेक आडवी झाली. दुसऱ्याच्या कडेवर पापणीताई बसल्या, लेकीचा हात हातात घेऊन. डोळ्याची सूज उतरली होती. पापण्या होत्या तशाच, विरळ आणि आखूड. चिमटा जवळ आला की लेकीची बोटे आवळत, आणि पापणीताईंच्या लक्षात आले की ही भीती काही आत्ता सुचलेली नाही. ती खरी होती. फोटोचे काय, ते राहिलेच. पण आवळणारी बोटे खोटे बोलत नव्हती. मुलगी एकेक केस बसवत होती आणि त्या मान पुढे काढून पाहत होत्या. मध्येच त्या पुटपुटल्या, "तो जरासा आत वळलाय." मुलीने भिंगातून पाहिले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही मागे सरका. उजेड अडतोय." त्या मागे सरकल्या. तो केस सरळच होता.

"झालं," शेवटी मुलगी म्हणाली. "सावकाश उठा. एकदम उघडू नका."

लेकीने डोळे मिटलेलेच ठेवले. "आई, भीती वाटतेय उघडायची."

पापणीताईंनी काही विचार केला नाही. त्यांचा तळवा आपोआप लेकीच्या पाठीखाली गेला, आणि रोज करतात तसेच त्यांनी तिला आडवेपणातून हळूच उभे केले, चेहऱ्यासमोर चेहरा धरून, श्वास रोखून.

दोन्ही डोळे एकदम उघडले. मग पापण्या आपण होऊन लवल्या.