धरणाच्या मधोमध बैठक

“बोट मधोमध गेली की इंजिन बंद करायचं. माझी एवढी एकच अट आहे,” समोर बसलेल्या बाई म्हणाल्या.

माजलगावच्या धरणावर मच्छीमारांची एक सहकारी संस्था आहे. तिची सचिव म्हणून मी बरीच वर्षं काम करते. संस्थेकडे फायबरची एक छोटी मोटारबोट आहे. जाळ्यांवर नजर ठेवायला ती घेतली, पण काम नसेल त्या दिवशी आम्ही ती भाड्यानं देतो. भाड्यानं नेणारे काय काय मागतात याची मला सवय आहे. कुणाला बोटीत केक कापायचा असतो, कुणाला नवरा-नवरीचे फोटो काढायचे असतात. एकाला नवसाचा बोकड सोबत न्यायचा होता. इंजिन बंद करा असं मात्र कुणीच म्हटलं नव्हतं. लोकांना उलट वेग हवा असतो.

मी सांगितलं, की पाण्यात इंजिन बंद करायचं नाही असा आमचा नियम आहे. कारण विचारलं तर बाईंनी सरळ सांगितलं.

त्यांचं नाव शोभाताई. शिक्षिका होत्या. माहेर वडवणीजवळचं. वडील अण्णा, थोरला भाऊ भास्करराव आणि धाकटा उत्तम. भास्कररावांचं वडवणीत खताचं दुकान, शिवाय ते एका पतसंस्थेचे संचालक. उत्तमची कोरडवाहू शेती, आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचं. आई गेल्यापासून अण्णांची पाळी लागली होती. म्हणजे एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. अमावास्या आली की अण्णा आपलं बोचकं बांधायचे आणि दुसऱ्या घरी जायचे. आमच्या भागात ही रीत नवी नाही. यंदा मात्र पाऊस झाला नाही. उत्तम नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त दिवसांसाठी कारखान्यावर निघाला होता. त्याच्या पाळीचं काय, हा प्रश्न होता. येत्या अमावास्येआधी उत्तर हवं होतं.

“घरात बसून बोला की,” मी म्हटलं.

“तीनदा बसलो. आमच्याकडे बैठक बसली आणि विषय निघाला की कुणीतरी उठतं आणि गाडीला किक मारतं. बोटीतून कुठं जातील?”

रविवारी सगळं कुटुंब गाडी करून परळीला दर्शनाला जाणार होतं. येताना धरणावर थांबायचं, सगळ्यांनी डबे खायचे, मग बायका-मुलं काठावर आणि हे चौघं बोटीत. भावांना फक्त फेरी मारायची असं सांगितलं होतं. मला बाईंची योजना आवडली. लंगर टाकायचा आणि मगच इंजिन बंद करायचं, या अटीवर मी होकार दिला. भाड्याच्या फेरीत संस्थेचा एक माणूस असावा लागतो. त्या दिवशी मी स्वतः जायचं ठरवलं.

पुढची गोष्ट समजायला त्या वर्षीच्या धरणाबद्दल थोडं सांगायला हवं. पाणी मृतसाठ्यापर्यंत उतरलं होतं. धरणाच्या सगळ्यात खालच्या दरवाजापेक्षाही खाली असलेलं पाणी आपोआप बाहेर पडत नाही, त्याला मृतसाठा म्हणतात. ते पिण्यासाठी राखून ठेवलं होतं आणि शेतीसाठी उपसायला बंदी होती. तरी ज्यांचा ऊस उभा होता ते मोटारी लावतच होते. पाणी मागे सरकलं की तेही मोटार पाण्यामागे सरकवायचे. मोटारीपर्यंत विजेची केबल न्यावी लागते. एरवी ही केबल रिकाम्या ड्रमांवर तरंगत ठेवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बोटीला ती दिसते. पण त्या वर्षी मोटारी पकडायला सरकारी पथक फिरत होतं. पथकाला केबल दिसू नये म्हणून लोकांनी ड्रम काढून टाकले आणि केबल पाण्यात बुडवल्या. आणि पथकाकडे स्वतःची बोट नव्हती. ते आमचीच न्यायचे.

रविवारी दुपारी मंडळी आली. धक्का पाण्यापासून बराच लांब कोरड्यात राहिला होता, म्हणून चिखलावर फळ्या टाकून सगळ्यांना बोटीपर्यंत नेलं. माझं काम ठरलेलं असतं. माणसं मोजायची, वजन दोन्ही बाजूंना सारखं बसवायचं, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघायचे, मोबाइल पिशवीत ठेवायला सांगायचे. अण्णांनी धोतर-सदऱ्यावर नारंगी जॅकेट मुकाट्यानं चढवलं. भास्कररावांनी कडक इस्त्रीचा पांढरा सफारी घातला होता आणि काळा चष्मा लावला होता. सफारी चुरगळेल म्हणून जॅकेट नको, असं ते म्हणाले. मग खाली उतरा, असं मी म्हटलं. त्यांनी जॅकेट घातलं.

बोट चालवायला आमचा किसन होता. किसन संस्थेचा जुना सभासद. बोलायची त्याला फार हौस. आज गप्प राहायचं, असं मी त्याला दोनदा बजावलं होतं.

मधोमध गेल्यावर लंगर टाकला. आमचा लंगर म्हणजे दोराला बांधलेला जड दगड. इंजिन बंद झालं. एकदम शांत झालं.

“आता अण्णांच्या पाळीचं बोलायचं,” शोभाताई म्हणाल्या.

भास्कररावांनी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग किसनकडे. सगळ्यांचा आपल्याविरुद्ध कट आहे, अशी त्यांची खात्री झाली असावी. ते बोटीच्या टोकाकडे तोंड करून बसले. उत्तम मागे तोंड करून बसला. बैठक सुरू झाली ती अशी, आणि बराच वेळ अशीच राहिली. शोभाताई एकेकाचं नाव घेऊन विचारत होत्या. उत्तरं अर्धी येत होती. भास्कररावांचं म्हणणं, उत्तम बाहेर असेल तेवढ्या महिन्यांची पाळी त्यानं आल्यावर सलग भरून द्यावी. उत्तमचं म्हणणं, दुष्काळ काय त्यानं आणलाय का. अण्णा पाण्याकडे बघत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

या सगळ्यात वारा सुटला होता. तळाला गाळ फार, त्यामुळे दगडाला पकड मिळाली नाही आणि बोट हळूहळू पलीकडच्या काठाकडे सरकली. ते लक्षात येताच मी किसनला दगड वर घेऊन इंजिन चालू करायला लावलं. बोट जेमतेम हलली, कचकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. किसननं वाकून पाहिलं.

“मॅडम, पंख्यात केबल गुंडाळलीय.”

पंखा म्हणजे बोटीला पुढे ढकलणारं मागचं पातं. त्याला काळ्या केबलचे वेढे पडले होते. काठाच्या बाजूला पाण्यावर एक तराफा होता आणि त्यावरची मोटार चालू होती. तिचा घूं-घूं आवाज येत होता. म्हणजे केबलमध्ये वीज होती. वेढे काढताना तिचं रबर कुठे फाटलं असेल तर काय होईल, हे सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी हात बोटीच्या आत घ्यावेत आणि पंख्याला कुणी शिवू नये, असं मी सांगितलं.

काठावर बाभळी होत्या आणि त्यांच्या सावलीत काही माणसं बसली होती. मी उभं राहून हात केला. ती माणसं उठली आणि पळाली.

मला क्षणभर कळेना. मग उजेड पडला. आमची बोट, नारंगी जॅकेट, टोकाला काळा चष्मा लावून बसलेला सफारीवाला, आणि बोट नेमकी केबलवर येऊन थांबलेली. त्यांच्या दृष्टीनं पथक आलं होतं.

मी चेअरमनना फोन लावला. त्यांना परिस्थिती समजावली. ते म्हणाले, माणूस पाठवतो, पण रस्त्यानं वळसा घालून यावं लागेल, वेळ लागेल. तोवर काही करू नका. ते शेवटचं वाक्य त्यांनी सांगायची गरज नव्हती.

बसून राहिलो. आता मात्र ही खरीखुरी अडकलेली बोट होती. काही वेळानं मोटारीचा आवाज बंद झाला. लाईट गेली असावी. भास्करराव म्हणाले, आता काढा केबल. किसननं मान हलवली. मोटारीला ऑटो असतो, म्हणजे लाईट आली की ती कुणी बटण न दाबता आपोआप चालू होते. लाईट कधी येईल ते कुणी सांगावं. मी नाही म्हटलं. पुन्हा बसून राहिलो.

तेव्हा अण्णा बोलले. कुणाकडे न बघता.

“मला न्हाई राहायचं पाळीनं. मी मळ्यात राहतो.”

मळा नावालाच. उत्तमच्या त्या कोरडवाहू रानात पत्र्याची एक खोली होती. भास्कररावांनी वळून पाहिलं. त्यांचं म्हणणं पडलं, की मळ्यात प्यायला पाणी नाही, आणि दोन लेक असताना बाप रानात एकटा राहिला तर लोक काय म्हणतील. पतसंस्थेची निवडणूक जवळ आली होती, हे ते बोलले नाहीत. शोभाताईंनी ते बोलून दाखवलं.

“शेजारच्या वस्तीवर टँकर येतोय,” अण्णा म्हणाले. “एका माणसाला अन एका म्हशीला कितीक पाणी लागतंय?”

“म्हशीला लई लागतंय, अण्णा,” उत्तम म्हणाला.

किसन हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला.

“म्हैस तू कुणाकडं ठिवून जाणार हायेस?” अण्णांनी विचारलं. म्हैस उत्तम विकायला काढणार होता. “मी बघतो तिला. दूध भास्करकडं जाईल. दुधाची गाडी माघारी येताना माझा डबा आणील. झालं.”

“अण्णा, पण तिथं एकट्यानं...” शोभाताई म्हणाल्या.

“चार वर्सं झाली, मी बोचकं सोडलंच न्हाई,” अण्णा म्हणाले. “वरची गाठ तेवढी सोडतो, धोतर काढतो, पुन्हा बांधतो. कशाला सोडायचं? पुढच्या आवसंला पुन्हा बांधायचंच हाय.”

उत्तम आता पुढे तोंड करून बसला होता. भास्कररावांनी चष्मा काढून सफारीच्या खिशात ठेवला होता. मी घड्याळ बघितलं, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

इतक्यात लाईट आली आणि मोटार पुन्हा सुरू झाली. मघाशी कुणी केबलला हात लावला नाही याबद्दल मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. बाभळीमागून एक डोकं वर आलं. मोटार बघायला आला असावा.

“आता तू बोल,” भास्करराव उत्तमला म्हणाले. बोटीत चढल्यापासून त्यांनी भावाला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द. “मी बोललो तर पळून जाईल.”

उत्तम बसल्या जागेवरून ओरडला, “आरं ए पाव्हणं, पथक न्हाई. आमी फिराया आलाव.”

“मग मधीच कावून थांबलाव?” बाभळीमागून आवाज आला.

“तुमच्या केबलात अडकलाव.”

“ती माझी न्हाई.”

“कुणाची का असंना, तेवढं बटण बंद कर बे.”

“माझी न्हाई तर मी बटण कसं बंद करू? मला काय म्हाईत बटण कुठं हाय?”

आपली म्हटली तर गुन्हा दाखल होणार, मोटार जप्त होणार. हा माणूस कबूल होणं शक्य नव्हतं. उत्तमनं हताश होऊन भावाकडे पाहिलं. पतसंस्थेत माणसांकडून होकार मिळवण्याचं काम भास्करराव रोज करत असावेत. ते उभे राहायला निघाले, मी खाली बसवलं. बसूनच ते शांतपणे म्हणाले,

“काही हरकत नाही. तुमची नाही ना? मग आम्ही कापून काढतो.”

किसनकडे जाळी कापायचा कोयता असतो. त्यानं तो लगेच उचलून दाखवला. अर्थात मी त्याला तो केबलला लावू दिला नसता. पण काठावरच्या माणसाला ते माहीत नव्हतं.

माणूस पळत सुटला. मोटारीचा आवाज थांबला. थोड्या वेळानं तो पाण्याच्या कडेला आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. दोन्ही हातांत फ्यूज होते. पेटीतून फ्यूज काढून हातात घेतले की मग ऑटो असो नाहीतर काही असो, वीज येत नाही. असा पुरावा मी मान्य केला. किसननं सगळे वेढे उलगडून काढले, केबल तशीच पाण्यात सोडली. पाठवलेला माणूस माघारी बोलवा, असं चेअरमनना फोनवर सांगून आम्ही निघालो, तेव्हा फ्यूजवाला हात वर करून तसाच उभा होता. केबल माझी नाही, असं त्यानं एकदा पुन्हा ओरडून सांगितलं.

काठावर आल्यावर जॅकेट परत घेतली, माणसं मोजली. काय ठरलं ते मी विचारलं नाही. ते माझ्या कामात येत नाही. फळ्यांवरून जाताना अण्णांच्या एका बाजूला उत्तम होता. दुसऱ्या बाजूला जागा नव्हती, म्हणून भास्करराव मागून चालले.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या फलकावर नियम वाढवले. इंजिन कोणत्याही कारणासाठी बंद होणार नाही. भाड्याची बोट पलीकडच्या काठाकडे जाणार नाही. पथकाला मी कळवलं, की तुमची जॅकेट तुम्ही आणा, आणि ती वेगळ्या रंगाची आणा. त्यांनी ते ऐकलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ही हकीकत मात्र किसनमुळे पसरली आणि वाटणीच्या बैठकीसाठी बोट मागायला आणखी लोक आले. त्यांना मी फलक दाखवला.

अमावास्या होऊन गेल्यावर शोभाताईंचा फोन आला. अण्णा मळ्यात राहायला गेले होते. गेल्या गेल्या त्यांनी उत्तमकडून भिंतीत खिळे ठोकून घेतले, बोचकं सोडलं आणि सगळे कपडे टांगले. बोचक्याचं फडकं त्यांनी म्हशीच्या पाठीवर टाकलं.

“आणि भाऊ आता एकमेकांशी बोलतात का?” मी विचारलं.

“छे. पण दूध वेळेवर जातं आणि डबा वेळेवर येतो.”

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या संचालक मंडळात एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारे दोघं आहेत. संस्था चालते. बोट कोण किती वाजता कुठे आणणार, एवढं ठरलेलं असलं की पुरतं.